बाळ द्यायच्या आधी घर बघावं

दळवीताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी बाथरूम बघायच्या. हॉलमध्ये सोफ्यावर नवं कव्हर घातलेलं, टीपॉयवर फरसाणाच्या बश्या मांडलेल्या, यजमान हात जोडून उभे, आणि ही बाई सरळ आत जाऊन नळाखाली हात धरून उभी. शारजात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की नळाला आंघोळीचं नाही, चहाचं पाणी येतं. तिथं राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. मग स्वयंपाकघर, मग बेडरूम. एसीचा वारा नेमका कुठं पडतो ते बघायला त्या चपला काढून, साडी सावरून, परक्यांच्या पलंगावर चक्क आडव्या व्हायच्या. घरातले पुरुष बिचारे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहायचे.

"मुलगी देताना घर बघतो की नाही आपण?" त्या म्हणायच्या. "मग बाळ देताना का नको बघायला?"

शारजातल्या एका खाजगी हॉस्पिटलात दळवीताई नर्सरीच्या इन-चार्ज होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली स्टाफ नर्स. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मिरजेची, लग्न होऊन नवऱ्यामागं इकडे आलेली. तो दुबईत रास अल खोरच्या एका गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळायचा. आमची नर्सरी म्हणजे वेळेआधी झालेल्या, मुठीएवढ्या बाळांचा वॉर्ड. काचेच्या पेटीत बाळ, नाकात नळी, पायाला वायर, वर मशीन टूं टूं करतंय. महिना-दोन महिने ती बाळं आमच्याकडे राहायची, हळूहळू वजन धरायची, आणि एक दिवस डॉक्टर डिस्चार्ज लिहायचे. आई खूश, बाप मिठाईचा बॉक्स घेऊन हजर. दळवीताई तेवढ्या तोंड वाकडं करायच्या. "बाळ तयार आहे हो. घर तयार आहे का?" हे त्यांचं पालुपद. कारण घरी पाठवलेलं बाळ चार दिवसांत निळं पडून परत आलेलं त्यांनी मुंबईत आणि इथंही पाहिलं होतं.

आता हे घर बघणं हॉस्पिटलच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. आमचं लेबर कार्ड हॉस्पिटलचं, आवाराबाहेर जाऊन काम करायची परवानगी नाही. म्हणून आम्ही ड्युटी संपली की साध्या कपड्यांत जायचो, ओळखीच्या बाळाला भेटायला गेल्यासारखं. मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं, पण बाळं परत येईनाशी झाल्यावर त्यांनी डोळेझाक केली. कागदावर कधी काही लिहिलं नाही. कुणाचं घर कुणी बघितलं, ते तोंडी चालायचं. "शेखचं बघितलंस?" "बघितलं ताई, ठीक आहे." एवढंच. आमच्या वॉर्डात शब्द म्हणजे शब्द, अशी दळवीताईंचीच शिकवण होती.

दिसायला बाई ठेंगणी, गोरी, आणि चालताना गुडघे कुरकुरायचे. ड्युटीचा पांढरा कोट उतरला की कडक स्टार्चची सुती साडी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आम्ही सगळ्या ढगळ्या पंजाबी ड्रेसमध्ये घामाघूम, आणि ह्यांची निरी मोडलेली मी कधी पाहिली नाही. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याचा तोराही होता. बाळांना त्या 'पाव्हणे' म्हणायच्या. "तिसऱ्या पेटीतल्या पाव्हण्यांनी आज दूध टाकलं का?" आयांशी बोलायची त्यांची एक खास भाषा होती, हिंदी, मराठी आणि दोन-चार अरबी शब्द एकाच पातेल्यात. "यल्ला मम्मा, बैठो, डरो नको, इन्शाल्ला पिएगा." मल्याळी, फिलिपिनो, सुदानी, सगळ्यांना ती कळायची. कुणाच्या घरी गेल्या तर पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत. चहा घेतला की मग खरं बोलायला जड जातं, म्हणायच्या.

खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मला त्यांची नुसती भीती वाटायची. ती गेली त्या पठाणामुळे. एक पठाण ट्रक ड्रायव्हर होता, त्याची मुलगी आमच्याकडे पेटीत. आई तापानं वरच्या वॉर्डात. हा धिप्पाड गडी रोज काचेबाहेर उभा राहायचा, पण आत यायचा नाही. दळवीताईंनी एक दिवस त्याला हात धरून आत ओढलं आणि खुर्चीत बसवलं.

"कुर्ता उतारो."

तो दाराकडे बघायला लागला. आम्ही पोरी भिंतीकडे तोंडं केलेल्या.

"हमारा हाथ सख़्त है, अम्मा," तो म्हणाला. "टूट जाएगी."

"इतना बड़ा ट्रक चलाते हो, वो नहीं टूटता. ये काय टूटनेवाली है? उतारो."

त्यांनी पेटीतून मुलगी काढली, त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून चादर गुंडाळली. तो माणूस श्वास घ्यायलाही घाबरत होता. थोड्या वेळानं त्याच्या दाढीतून पाणी ओघळायला लागलं, आणि मुलीचं मशीन, जे सकाळपासून बोंबलत होतं, ते गप्प झालं. पुढं आम्ही त्याचं घर बघायला गेलो. इंडस्ट्रियल एरियातल्या एका व्हिलात भाड्याची एकच खोली, आणि पाळणा बरोबर खिडकीतल्या एसीच्या तोंडाशी. दळवीताईंनी त्याच्याकडून पाळणा हलवून घेतला, एसीपुढे चादर बांधून घेतली, नळाचं पाणी आधी बादलीत काढून निववायचं, हे त्याच्या बायकोला तीनदा म्हणायला लावलं. निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. त्याच्या 'अम्मा'चा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. इतका आनंद माझ्या आईच्या चेहऱ्यावरही मी पाहिला नव्हता.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे आई-खोली. नर्सरीला लागून चादरी ठेवायची एक खोली होती. भांडून-तंडून त्यांनी ती रिकामी करवली आणि तिथं एक कॉट टाकली. घरी जायच्या आधी आईनं बाळाला घेऊन एक रात्र तिथं राहायचं, एकटीनं. मशीन नाही, वायर नाही, नर्स नाही. "महिनाभर त्या पडद्यावरचे आकडे बघून जगलेली बाई ती. घरी आकडे कुठून आणणार?" पुण्याची एक बँकेतली मुलगी होती, मोठी हुशार. ती म्हणाली, आम्ही मॉनिटर विकत घेतो, हवा तेवढा भारी. दळवीताई म्हणाल्या, "घे की. पण बाळाकडे कोण बघणार, तू का मॉनिटर?" मुलगी चिडली, रडली, पण राहिली. बाळ रडायला लागलं की दळवीताई खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या असायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. आम्हाला मात्र डोळ्यांनी दटावायच्या, जायचं नाही म्हणून. सकाळी ती मुलगी बाहेर आली ती बाळाला खांद्यावर टाकून, केस विस्कटलेले, आणि म्हणाली, "भूक लागली की आधी पाय झाडतो हा." दळवीताईंनी मान डोलावली. "आता जा घरी."

आणि धूर. धुराशी तर त्यांचं हाडवैर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, त्यांना धूर म्हणजे विषच. पण नवं बाळ घरात आलं की धूर करायची हौस सगळ्या जगाला. एका अरबी घरात बाळाबरोबरच गेलो होतो. आजी दारातच बखूरची धुपदाणी घेऊन उभी, बाळाला ओवाळायला. घर बघायला आलेल्या ह्या साडीवाल्या बाईनं तिच्या हातातली धुपदाणी घेतली आणि सरळ बाल्कनीत नेऊन ठेवली. मला वाटलं, आता आपली शंभरी भरली. म्हातारी बुरख्याआडून काहीबाही बोलत होती. दळवीताईंनी पिशवीतून तांदूळ आणि नारळ काढला. सगळ्या आयांची पाठवणी करताना त्या ओटी भरायच्या. धर्म-बिर्म बघायच्या नाहीत, दोन दिरहमचा नारळ, म्हणजे वीस रुपये, मिरजेत पाचाला मिळतो. त्यांनी तो म्हातारीच्या सुनेच्या ओटीत घातला, मग म्हातारीचा हात घेऊन बाळाच्या छातीवर ठेवला. छाती लकलक हलत होती. म्हातारीनं बराच वेळ हात तसाच ठेवला. मग बाल्कनीत जाऊन तिनं स्वतः धुपदाणी विझवली, आणि येताना आम्हाला खजुराचा एवढा मोठा डबा दिला. तेवढा मात्र घेतला ताईंनी.

मला त्या कोण होत्या, हे सांगायला हवं. ईशाच्या वेळी माझं बाळंतपण त्यांनी केलं. आईला यायला जमलं नाही. सव्वा महिना डिंकाचे लाडू, तेल लावणं, सगळं त्यांच्या हातचं. माझंही घर त्यांनी बघितलं, बाथरूमपासून. आणि सव्वा महिना झाला तशी मला परत ड्युटीवर ओढलं. "घरी बसलीस तर गंजशील," म्हणाल्या. ईशाला सांभाळायला त्यांचेच यजमान. भाऊजींची हमरियातली कंपनी बंद पडली होती, ते घरीच असायचे, पेन्सिल कानाला लावून जुन्या पेपरातली कोडी सोडवत. माझी मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली ती दळवीताईंच्या हॉलमध्ये. आम्ही दोघी ड्युटीवर होतो.

आता त्या आपट्यांच्या बाळाचं सांगते. बाळ वाचलं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल.

मंदार आणि शिल्पा आपटे. तो इंजिनीअर, ती कॉम्प्युटरवाली. सातव्या महिन्यात मुलगा झाला, बरेच दिवस ऑक्सिजनवर होता. शिल्पाची आई सांगलीहून व्हिजिट व्हिसावर बाळंतपणाला आलेली. बाळ पेटीत, आणि इकडे आजीचा व्हिसा संपत आलेला. ती माउली रोज काचेला नाक लावून उभी राहायची. नातवाला एकदा तरी स्वतःच्या हातानं न्हाऊ घालून जाऊ दे, एवढंच तिचं म्हणणं. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. मी ड्युटीवर होते.

"ताई, आपट्यांचं घर कधी बघायचं?" मी विचारलं.

"बघितलंय," दळवीताई म्हणाल्या. "दे बाळ. आजीला चार दिवस तरी मिळू देत."

त्यांनी बघितलंय म्हटल्यावर मी कशाला पुन्हा विचारते? मी बाळ गुंडाळलं, ओटी भरली, आणि दिलं.

बघितलं होतं, ते केव्हा? मला मागाहून कळलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शिल्पाला तेव्हा दिवससुद्धा गेले नव्हते. आमच्या दळवीताई, ज्या पठाणाच्या पलंगावर आडव्या व्हायच्या, अरबी म्हातारीच्या हातातली धुपदाणी काढून घ्यायच्या, त्यांनी आपट्यांचं घर बघितलं ते वाण घेताना. का, तर आपल्यातलेच आहेत, शिकलेले आहेत, त्यांचं काय बघायचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि आजीनं सांगलीहून काय आणलं होतं? बॅगेच्या तळाशी पातळात गुंडाळलेली लोखंडी शेगडी. कोळसा इथं काय, हुक्क्यासाठी कुठल्याही ग्रोसरीत मिळतो. गार वारा नको म्हणून एसी बंद, खिडक्या तर इथल्या फ्लॅटला उघडायच्याच नसतात. बेडरूमचं दार लावून घेतलं आणि ओवा, शेपा, वावडिंग टाकून बाळाला झकास धुरी दिली. पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय की आपण. पण सांगलीच्या माजघराला कौलं होती, झरोका होता. दुसऱ्याच दिवशी बाळ परत आलं, ओठ निळे, छाती आत ओढली जातेय. आजी लिफ्टशेजारी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या पातळाला ओव्याचा वास येत होता. तिला काय बोलणार? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाळ पुन्हा मशीनवर गेलं. आम्ही आळीपाळीनं त्याच्याशेजारी बसलो, दळवीताई तर घरी गेल्याच नाहीत. हळूहळू ते वर आलं. पण मंदार आपटे मॅनेजमेंटकडे गेला, आणि त्याचं एकच म्हणणं होतं. तुमच्या नर्सा सगळ्यांची घरं बघत फिरतात, मग आमचंच का नाही बघितलं? झालं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं घर बघणं उघड्यावर आलं.

आम्हा दोघींना वर बोलावलं. लांब टेबल, पलीकडे मेडिकल डायरेक्टर आणि एचआरवाला. डायरेक्टरनं दळवीताईंना विचारलं, हे काय चाललंय, कुणाच्या परवानगीनं? आणि बाई काय बोलल्या म्हणून सांगू. इतकं सुंदर बोलल्या. बाळं का परत येतात, घरात काय काय असतं, आई-खोली, पठाण, धूर, सगळं. मी शेजारी बसून मनात म्हणत होते, बोला ताई, बोला, आता ह्यांना कळेल. डायरेक्टर पुढं झुकून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, सगळं मान्य, मग ह्या बाळाचं घर का नाही बघितलं?

माझ्याशी आयुष्यात मराठीशिवाय न बोललेल्या दळवीताई इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "दॅट वॉज सिस्टर नंदाज ड्युटी. शी डिड नॉट गो."

मला आधी कळलंच नाही की नंदा म्हणजे मी. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या डायरेक्टरकडे बघत होत्या, शांत, पदर नीट. मी म्हटलं, ताई मला म्हणाल्या होत्या की बघितलंय. एचआरवाल्यानं विचारलं, कुणी ऐकलं का? कोण ऐकणार? तोंडी कारभार. नोंद असती तर ती मी त्याच्या टेबलावर आपटली असती. पण आमच्यात शब्द म्हणजे शब्द होता ना.

त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला तेव्हा समजलं. दुसऱ्या हॉस्पिटलांत गेले, तर ते आधीच्या ठिकाणी फोन करायचे आणि मग मला फोन करायचे नाहीत. माझं नर्सिंग संपलं ते तिथंच. मी एका प्लेस्कूलमध्ये लागले, मुलांची नाकं पुसायला.

ईशाची खेळणी आणायचं निमित्त करून मी एकदा त्यांच्या घरी गेले. भाऊजींनी दार उघडलं, मला बघून पाणी आणलं आणि आत निघून गेले. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"का केलंत ताई?" मी विचारलं.

"बस आधी."

"बसायला नाही आले."

त्या स्वतः बसल्या, गुडघे दाबत. "हे बघ, स्टाफ नर्स चुकली तर नियम कडक करतात. इन-चार्ज चुकली तर सगळं बंद करतात. मी खरं बोलले असते तर घर बघणं त्याच टेबलावर खलास झालं असतं. आता त्यांनी मंजूर केलंय. पुढच्या महिन्यापासून ऑफिशियल."

"आणि मी?"

"तुझा नवरा कमावतोय, नंदा. तुझा व्हिसा त्याच्यावर आहे." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "इथं दोघांचा माझ्या नोकरीवर आहे."

"मला आधी विचारायचं होतंत."

"तू हो म्हणाली असतीस?"

"ते मला ठरवू द्यायचं होतं."

त्या उठल्या. चहा टाकते, म्हणाल्या. मी खेळणी पिशवीत भरली आणि निघाले. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून आहे. लोक म्हणतात, सोडून दे, इतकी वर्षं झाली. ज्यांचं काही गेलं नाही ते सोडतात पटकन.

त्यांचं घर बघणं मात्र जोरात सुरू झालं. हॉस्पिटलनं व्हॅन दिली, बाहेर बाळाचं चित्र रंगवलेली. दळवीताईंना मोठी पोस्ट मिळाली. पेपरात फोटो आला म्हणे, मी बघितला नाही. व्हॅन रस्त्यात दिसली की मी दुसरीकडे बघायचे. पण हेही सांगते, त्या व्हॅनमुळे कितीतरी बाळं नीट घरी गेली असतील. ते माझ्या जिवावर झालं, पण झालं.

आता शेवटची भेट. दोन हजार सालाच्या थोडं पुढची गोष्ट. माझी नणंद माधुरी लग्न होऊन अजमानला आली आणि तिला मुलगी झाली, वेळेआधी, आणि नेमकी त्याच हॉस्पिटलात. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे बाळंतपण माझ्याकडे. बाळ घरी पाठवायच्या आधी हॉस्पिटलचे लोक घर बघायला येतात, माधुरी मला समजावून सांगत होती. मी बरं म्हटलं. तिला काही माहीत नव्हतं, मी ह्या हॉस्पिटलात होते एवढंच ठाऊक होतं.

घर कसं लावायचं हे मला कुणी सांगायला नको होतं. पाळणा कुठं, एसीच्या पट्ट्या कुठं वळवायच्या, बादलीत पाणी निववून ठेवलेलं. घरात उदबत्तीसुद्धा नाही. मला वाटत होतं, दोन पोरी येतील, बघून जातील. बेल वाजली, दार उघडलं, तर दोन पोरी होत्याच, एक मल्याळी आणि एक फिलिपिनो, आणि त्यांच्या मागं, जिन्याचा कठडा धरून, स्टार्चच्या साडीत दळवीताई. लिफ्ट बंद होती. पत्ता वाचून त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. आम्ही मधे दुसऱ्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो होतो.

त्या आत आल्या. माझ्याकडे बघितलं आणि मान थोडी लववली, मग सरळ बाथरूमकडे. नळाखाली हात. मग स्वयंपाकघर. मग बेडरूममध्ये चपला काढून माझ्या पलंगावर आडव्या झाल्या. ईशा दारात उभी राहून डोळे मोठे करून बघत होती. ती तेव्हा शाळेत जायला लागली होती, मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्लिशच.

"बाळाला कोण बघणार?" दळवीताईंनी उठता उठता विचारलं.

"वहिनी," माधुरी अभिमानानं म्हणाली. "त्या नर्स होत्या, तुमच्याच हॉस्पिटलात."

त्या मल्याळी पोरीचा चेहरा खुलला. "सच, सिस्टर? मॅडम के साथ काम किया? फिर छोड़ा क्यों?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी त्यांच्यासमोर विचारला नव्हता. पण माधुरी शेजारी उभी होती, बाळ उद्या यायचं होतं, आणि घर पास करायचं की नाही ते ह्या बाईच्या हातात होतं. तेवढ्या अवधीत त्या बोलल्या. ईशाच्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेनं, मराठीत आणि मग त्या पोरीसाठी हिंदीत.

"ही झाली ना, म्हणून सोडली. बच्ची हुई, इसलिए छोड़ दिया."

ज्या मुलीनं त्यांच्या हॉलमध्ये पहिलं पाऊल टाकलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून. आणि मी गप्प बसले. बाळासाठी बसले.

"घर छान आहे," त्या म्हणाल्या. "बाळ द्यायला हरकत नाही. यल्ला, चलो." दाराशी चपला घालताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होत्या असं मला वाटलं, पण त्या पोरी जिन्यात थांबल्या होत्या. मग कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली व्हॅन उभी होती. ईशा माझ्याजवळ आली.

"मम्मी, यू लेफ्ट युअर जॉब बिकॉज ऑफ मी?"

माझी नोकरी घेतली ती घेतली, आता ती माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवून गेली बाई.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यामुळे नाही. अजिबात नाही. त्या तिथं बसल्यात ना, त्यांच्यामुळे."

ईशानं काचेला नाक लावून खाली बघितलं. व्हॅनचं दार अजून उघडं होतं. दळवीताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी गुडघा चोळत, आणि त्या फिलिपिनो पोरीच्या कशावर तरी हसत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी ड्रायव्हरला दिली.

"शी लुक्स नाइस, मम्मी," ईशा म्हणाली.

"छानच आहेत गं त्या," मी म्हटलं. "तशा नसत्या, तर आपट्यांचं घर मी स्वतः जाऊन बघितलं असतं."